तीन बोटांवरचा वळ

थोरलीला माणसांचे चेहरे कधी वाचता आले नाहीत. दोनदा फसली, त्यातल्या एकाशी तर लग्न केलं. पण घोड्याचा खूर मात्र तिला छापील पुस्तकासारखा वाचता यायचा. तिचे बाबा नालबंद होते. खूर मांडीवर घेतला की ते सांगायचे, हा घोडा कधी उपाशी राहिला, कधी लांब चालला, कुठल्या महिन्यात मालकाने त्याला शिवी घातली. एकदा तर म्हणे एका घोडीचा खूर बघून त्यांनी मालकिणीला सांगितलं, बाई, तुम्हाला मुलगी होणार. आणि झाली. ही गोष्ट थोरली सांगायची तेव्हा मुलगी व्हायची आणि तिची धाकटी बहीण सांगायची तेव्हा जुळ्या. मालकिणीला खरं काय झालं ते मालकीणच जाणे.

पण त्यातलं खरं तेवढं खरं होतं. खूर आपल्या नखासारखा वरून खाली वाढतो, दोन महिन्यांत एक बोट. घोड्याचं काही बिनसलं की वर केसांच्या कडेला एक वळ उमटतो आणि मग महिन्यामागून महिने तो खाली खाली सरकतो. शेवटी जमिनीशी येतो आणि नालबंद त्याला कापून टाकतो. बाबांनी दोघी पोरींना एकाच दिवशी, एकाच घोड्यापुढे बसवून शिकवलं होतं. वळ वरून किती बोटं खाली आलाय ते मोजा, दुप्पट करा, तितके महिने झाले. वळ गोल सरळ गेला असेल तर चारा बदलला होता. टाचेकडे खाली फाकला असेल तर खुरात ताप उतरला होता. झालं. एवढ्यावर बाबांचं अख्खं आयुष्य निघालं.

थोरलीचं आयुष्य मात्र गॅसच्या सिलिंडरवर निघालं होतं. वरच्या वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आणि इतक्या चढाच्या, की तिथे गाडी जायची नाही. जाडी माणसं आडवी होऊन जायची. तिथे थोरलीची घोडी चार-चार सिलिंडर घेऊन एकोणीस वर्षं चढली. तिचं नाव म्हातारी. तरुण होती तेव्हाही म्हातारीच म्हणायचे, कारण जन्मली तेव्हापासून तिचा चेहराच तसा, सगळ्या जगाचं सगळं बघून झाल्यासारखा. आता ती खरंच म्हातारी झाली होती. तिसऱ्या वळणावर उभी राहायची आणि मागे वळून थोरलीकडे बघायची. थोरली म्हणायची, "काय बघतेस? मलापण दम लागतो. मी कुणाकडे बघू?"

एजन्सीच्या मॅनेजरने शेवटचं सांगितलं. "मावशी, पहिल्या तारखेपर्यंत दुसरा घोडा आणा. नाहीतर मी पाठीवरून नेणारी चार माणसं लावतो."

"माणसं लाव की. दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात कंबर धरून बसतील."

"बसू देत. पहिली तारीख."

चढाच्या गल्लीत न बिचकणारा घोडा बाजारात मिळत नाही. त्याला वर्षं लागतात. अशा वेळी दारात लगेचभाऊ आला. हा घोड्यांचा दलाल. कुठेही बोलावलं की "लगेच येतो" म्हणायचा आणि चार दिवसांनी उगवायचा, म्हणून लगेचभाऊ. त्या दिवशी मात्र खरंच लगेच आला होता, तेव्हाच थोरलीला संशय यायला हवा होता.

"घोडा आहे," तो म्हणाला. "नऊ वर्षांचा. चढ पाणी प्यायल्यासारखा चढतो. खुराचा थोडा त्रास होऊन गेलाय, पण आता ठणठणीत."

"कुणाचा?"

लगेचभाऊने चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला, बशी खाली ठेवली. "धाकटीचा."

थोरलीने बशी उचलून घेतली, जणू त्याने ती चोरलीच असती.

"ती म्हणाली, आधी ताईला दाखव," लगेचभाऊ घाईघाईने म्हणाला. "म्हणाली, डॉक्टरचा कागद मी दाखवणार नाही, ताई म्हणते कागद कुणीही लिहून देतं. ताईनेच यावं, पाय हातात घ्यावा, आणि काय दिसतं ते, लगेचभाऊ, तुमच्यासमोर सांगावं."

थोरलीला कळलं, कुठल्या कागदाचं बोलणं चाललंय ते. सगळ्यांनाच कळलं असतं. सहा महिने ती दुसरं काही बोललीच नव्हती.

सहा महिन्यांपूर्वी आई अंथरुणाला खिळली. थोरलीकडेच होती. डॉक्टर म्हणाले, बोलवायचं त्याला बोलवून घ्या. बोलवायला होतंच कोण? शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी धाकटी. थोरलीने फोन केला. धाकटी फोनवर धापा टाकत होती. "ताई, घोडा उभा राहत नाहीये गं. रात्री सुटून धान्याच्या कोठीत तोंड घातलं त्याने, दाण्याने खुरात ताप उतरलाय. पाय पाण्यात धरून बसलेय. सोडला तर आडवा होईल, मग उठायचा नाही. दोन दिवस सांभाळ, आलेच मी."

दोन दिवस. थोरली तीन आठवडे आईचं उचलून, पुसून, भरवून अर्धी झाली होती. तिने फोन ठेवला तेव्हा आईने विचारलं, "धाकटी कुठे अडकली?"

आणि थोरली म्हणाली, "अडकतेय कसली. घोड्याचं निमित्त काढलंय. तिला यायचंच नाहीये."

 आईने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. तशीच दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. धाकटी आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. ओल्या कपड्यांनी आली होती, हाताची कातडी पाण्याने सुरकुतलेली. थोरलीने चार माणसांदेखत दारातच विचारलं, "काय गं, घोडा बरा आहे ना तुझा?"

मग थोरलीने ती गोष्ट वाढवली. गोष्ट वाढवायचं घराण्यातच होतं. पहिल्या महिन्यात घोडा आजारी नव्हताच, धाकटीने दाखवलेला गुरांच्या डॉक्टरचा कागदही खोटा. दुसऱ्या महिन्यात तो त्या दिवशी वाळू वाहताना कुणीतरी पाहिला. तिसऱ्या महिन्यात त्याच्या घंटेचा आवाजपण ऐकला. लगेचभाऊ ही गोष्ट तबेल्यातबेल्यांतून फिरवत होता आणि प्रत्येक ठिकाणी एक चहा मिळवत होता. आई भिंतीकडे वळली, एवढंच फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून थोरली गेली. घोडा हवा होता हे खरंच, पण त्याहून जास्त तिला खूर बघायचा होता. खुरावर वळ नसला की झालं. लगेचभाऊ साक्षीला होताच.

धाकटीचं अंगण झाडून स्वच्छ होतं. एका बाजूला वाळूच्या दोन गाड्या, एका बाजूला जमिनीलगतची उथळ दगडी टाकी, तिच्या काठाशी एक मोडकी खुर्ची. ती खुर्ची टाकीच्या इतकी जवळ होती, की तिच्यात बसायचं तर पाय पाण्यात सोडूनच बसावं लागलं असतं. थोरलीने तिच्याकडे एकदा बघितलं, परत बघितलं नाही.

"चहा घेणार?" धाकटी म्हणाली.

"घोडा बघायला आलेय."

"लगेचभाऊ?"

"मी घेतो की," लगेचभाऊ म्हणाला.

घोडा तांबडा होता, कपाळावर पिठाचं बोट लावल्यासारखा पांढरा ठिपका. धाकटीने त्याला दगडांवरून चालवला, दोन्ही बाजूंना आखूड वळवला. पाय कुठे चोरत नव्हता. थोरलीने पुढचा उजवा पाय उचलला, मांडीवर घेतला, पदराने पुसला. गुडघे कुरकुरले. तळवा ठोकून बघितला, घोडा शांत. मग पाय खाली ठेवून ती बसली आणि खुराच्या पुढच्या बाजूवर बोट फिरवलं.

वळ होता.

वरून एक बोट. दोन. तीन. तिसऱ्या बोटाच्या बरोबर खाली एक खोल, दुखरा वळ, आणि टाचेकडे तो खाली फाकत जाऊन जवळजवळ जमिनीला टेकला होता. लहान मूल रडताना ओठ खाली ओढतं, तसा. तिने डावा पाय बघितला. तिथेही तोच. तीन दुणे सहा. सहा महिने. बाबा असते तर त्यांनी वारसुद्धा सांगितला असता. वळाच्या वरचा नवा खूर मात्र आरशासारखा गुळगुळीत, सरळ. कुणीतरी दिवसरात्र थंड पाण्यात धरून बसल्याशिवाय एवढ्या तापातून घोडा असा उठत नाही. दाण्यापासून लांब ठेवला तर हा अजून दहा वर्षं चढ चढेल. हे सगळं तिला एका क्षणात कळलं, आणि कळल्यावरही ती बराच वेळ बोटं तिथेच धरून बसून राहिली.

"काय दिसतंय, ताई?" धाकटी म्हणाली.

"थांब जरा."

"तू सांगशील तो भाव. तापाचा वळ असेल तर घोडा पायाने अधू होऊन गेलेला. अर्ध्या किमतीत घेऊन जा. चाऱ्याचा असेल, तर घोडा कधी आजारी पडलाच नाही. मग पूर्ण किंमत. लगेचभाऊ, ऐकताय ना?"

"ऐकतोय ऐकतोय," लगेचभाऊ बशी हातात धरून पुढे सरकला. त्याचे कान घोड्यापेक्षा ताठ झाले होते.

थोरलीकडे पैसे होते ते अर्ध्या किमतीपुरते. अर्ध्यात घोडा आला असता आणि म्हातारी मागच्या शेडमध्ये आपली सावलीला उभी राहिली असती, मरेपर्यंत. मनाशी तसंच ठरवलं होतं. पूर्ण किंमत म्हणजे साठवलेलं सगळं, आणि वर म्हातारीला विकून जे येईल ते. एकोणीस वर्षं राबलेल्या घोडीला कोण कशासाठी घेतं ते थोरलीला पुरतं ठाऊक होतं.

एक शब्द बोलायचा होता. ताप. तेवढा बोलला की घोडा अर्ध्यात, म्हातारी घरात. आणि संध्याकाळपर्यंत लगेचभाऊच्या तोंडून सगळ्यांना कळलं असतं की धाकटी खरं बोलली होती. तेही चाललं असतं. लोक काय, चार दिवस हसतात. पण मग त्या दिवशी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती ती कशासाठी?

"चाऱ्याचा आहे," थोरली म्हणाली.

 घोड्याने नाक फुरफुरवलं.

"परत बघ, ताई."

"बघितलं. चारा बदलला असशील तू. सुक्यावरून ओल्यावर. असे वळ येतात."

"टाचेकडे बघ."

"मला शिकवतेस?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आपल्याला दोघींना एकानेच शिकवलंय. म्हणून म्हटलं, बघ."

थोरली गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. "घोडा चांगला आहे. कधी आजारी पडलेला दिसत नाही. पूर्ण किंमत देते. आणि काय हवंय तुला?"

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. थोरलीला चेहरे वाचता येत नसत हे त्या दिवशी बरंच झालं.

"पूर्ण किंमत?" लगेचभाऊच्या हातातली बशी कलली. "ताई, अहो, खुराचा त्रास झालेला घोडा..."

"कुठे झालाय त्रास? आत्ता काय सांगितलं मी?"

"नाही, म्हणजे तुम्ही म्हणाल तसं."

"म्हातारीला तू घेऊन जा. काय येईल ते उद्या हिला दे."

लगेचभाऊने बशी सरळ केली. त्याने चहा संपवला. मालकाच्या डोळ्यांदेखत घोडा विकणारा माणूस तो, पण त्या घोडीला त्यानेही दर खेपेला एक गाजर दिलेलं होतं.

धाकटीने दोर थोरलीच्या हातात दिला. हात लागला नाही, एवढं सांभाळून दिला. "ताई, एक विचारू?"

"विचार."

"आई माझ्याबद्दल काही म्हणाली होती का? शेवटी?"

"नाही," थोरली म्हणाली. "काही विचारलं नाही."

घोडा घरी आला. खरोखरच चढ पाणी प्यायल्यासारखा चढायचा. मॅनेजर खूश, वरच्या वस्तीतल्या बायका खूश. तिसऱ्या वळणावर घोडा थांबत नसे, थोरलीच थांबायची. सवयीने. मग मागे कुणी बघत नाहीये हे लक्षात यायचं आणि ती पुढे चालू लागायची.

म्हातारीला न्यायला लगेचभाऊ आला होता तेव्हा थोरली घरात भांडी घासत बसली होती. एकच पातेलं तिने इतक्या वेळा घासलं, की पुढे त्यात दूध तापवलं की करपायचं.

नव्या घोड्याला ती गवत गोडवा उतरेपर्यंत भिजवून घालायची, वाळकं, कसहीन. धान्याचा दाणा नाही. गुळाचा खडा नाही. वस्तीतल्या पोरी कौतुकाने चणे घेऊन यायच्या तर त्यांच्यावर खेकसायची. लोक म्हणायला लागले, पूर्ण किंमत मोजून आणला आणि आता उपाशी मारतेय, काय चिकट बाई! कुणी म्हणायचं, तिच्याकडे घोडा वास घेऊन पोट भरतो. थोरली ऐकून घ्यायची. ज्याला कधी खुराचा ताप आला नाही त्याला दाणा का नाही, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. म्हणजे होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं.

रोज सकाळी खूर साफ करायला पाय उचलायचा आणि तो वळ. साडेतीन बोटं झाली. मग चार. ती मोजायची नाही असं ठरवून मोजायची. तापाच्या दिवसापासून आठ महिने. एकदा नाल बदलली तेव्हा वळ खिळ्यांच्या ओळीखाली आला होता. पुढच्या खेपेला जाणार होता.

ती पुढची खेप आली. नालबंद पाय मांडीवर घेऊन बसला, जुनी नाल उपटली, पकडीने कडा कापायला लागला. त्याने हात थांबवून वळाकडे बघितलं. "हा बराच ताप दिसतोय, मावशी."

"चाऱ्याचा आहे. काप तू."

नालबंदाने तिच्याकडे बघितलं, खुराकडे बघितलं आणि कापलं. पैसे कापायचे मिळत होते, वाद घालायचे नाही. अर्धचंद्रासारखा एक तुकडा खाली पडला, वळासकट. गल्लीतल्या कुत्र्याला खुराच्या कापांची चटक. ते टपूनच बसलं होतं. तुकडा तोंडात धरून पायरीखाली जाऊन बसलं.

तेवढ्यात लगेचभाऊ आला. बऱ्याच महिन्यांनी. या दारात यायचं तो टाळत होता. त्याने घोड्याचे पाय बघितले, कोपऱ्यातली भिजत घातलेल्या गवताची बादली बघितली, बराच वेळ बघितली, आणि बसला.

"चहा ठेवते," थोरली म्हणाली.

"नको. आत्ताच घेऊन आलो. धाकटीकडून."

थोरली आत जाता जाता थांबली. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "म्हातारीला कुठे दिलीस तू?"

"कुठे म्हणजे?" लगेचभाऊने मान वर केली. "तुम्हाला माहीत नाही? तुमच्या बहिणीनेच घेतली. त्याच संध्याकाळी. मी म्हटलं, अहो, काय कामाची? म्हणाली, उभी राहू दे. टाकीपाशी उभी असते सावलीला. दात गेलेत, तर दाणा शिजवून घालते तिला. जाड झालीये चांगली."

नालबंद कानस मारत होता. खर्र, खर्र. पायरीखाली कुत्रं कडाकडा चावत होतं.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?" थोरलीने विचारलं.

लगेचभाऊ जमिनीकडे बघत राहिला. ज्या माणसाच्या पोटात तिळाएवढी गोष्ट कधी राहिली नाही तो माणूस. तो खरं सांगणार होता की खोटं, थोरलीला कळेना. त्याला खूर असता तर उचलून मांडीवर घेतला असता.

"नाही," लगेचभाऊ म्हणाला. "काही विचारलं नाही."

नालबंद म्हणाला, "मावशी, दुसरा पाय धरा जरा." तिने पाय धरला.